आधी ढिगारा, मग जखम: सह्याद्रीतल्या जुन्या दरडींचा नकाशा कसा करावा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, आंबेगावपासून मावळ-मुळशी-भोरपर्यंत, कड्यांच्या खाली मंद उताराचे टप्पे जागोजागी दिसतात. माती खोल, झरा उन्हाळ्यातही वाहता, भातखाचरांना पुरेशी जागा. वाडी साहजिकच तिथे वसते. यातले बरेच टप्पे मूळ खडकाचे असतात, पण काही जुन्या दरडींनी आणून टाकलेल्या मालाचे असतात. अशा दुसऱ्या टप्प्यावर घरे असतील, तर त्यांच्या वरचा डोंगर पूर्वी एकदा सुटलेला आहे आणि पुन्हा सुटू शकतो. हे दोन टप्पे वेगळे ओळखणे हेच या नकाशाचे खरे काम.

नवा माणूस आधी वरची जखम, म्हणजे दरड जिथून सुटली ती उघडी पडलेली जागा, शोधतो, कारण ती उठून दिसते. आमचा आग्रह उलटा आहे. जखम दोन-तीन पावसाळ्यांत गवताने झाकते, पुढे झिजून ओढ्यात मिसळते. ढिगारा मात्र टिकतो, आणि माणसे राहतात ती ढिगाऱ्यावर.

जिवंत ज्वालामुखी आणि आपले डोंगर

ज्वालामुखीवरच्या दरडींचे शास्त्र वाचून इथे काम करू पाहणाऱ्यांनी एक फरक पक्का लक्षात ठेवावा. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू कोसळली. सुमारे अडीच घन किलोमीटर माल टूटल नदीच्या खोऱ्यात २० किलोमीटरहून लांब गेला आणि मागे एका बाजूने उघडे विवर व खाली टेकाडांनी भरलेले मैदान राहिले. तशीच टेकाडे कॅलिफोर्नियातल्या शास्ता पर्वताच्या वायव्येला आधीपासून सगळ्यांना माहीत होती, पण ती एका प्रचंड दरडीची आहेत याची नीट उकल सेंट हेलेन्सनंतरच झाली. तो ढिगारा सुमारे ४५ घन किलोमीटरचा आणि तीन लाखांहून अधिक वर्षे जुना. तिथल्या अभ्यासकांनीही ढिगाऱ्यावरूनच धोका ओळखला, ही गोष्ट आपल्या कामाची.

आपल्याकडचे ज्वालामुखी मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच थंड झाले. इथे सुटतो तो लाव्ह्याच्या थरांवर साचलेला मुरूम आणि माती, किंवा कड्यावरून निखळलेला खडक. आकार कित्येक पटींनी लहान, पोच कमी, कारण पाऊस. म्हणून ज्वालामुखीवरच्या ढिगाऱ्यांची लक्षणे जरूर शिका, पण तिथले आकडे इकडे आणू नका. ते कसे चुकवतात ते शेवटी येईल.

लाव्ह्याचा वारसा राहतो तो खडकात. काळा पाषाण घट्ट आणि उभ्या भेगांचा असतो, तो कडा धरतो. मांजऱ्या खडक पोकळ्यांचा, त्यात झिओलाइट हे खनिज भरलेले, तो लवकर कुजतो आणि मंद उतार देतो. दोन लाव्हांच्या मध्ये कधी तांबड्या मातकट खडकाचा थर असतो, ज्याला भूशास्त्रात रेड बोल म्हणतात. वरच्या भेगांतून उतरलेले पाणी या थरावर अडते आणि आडवे बाहेर पडते. पावसाळ्यात एकाच उंचीवर ओळीने फुटणारे झरे दिसले तर तिथे असा थर असण्याची दाट शक्यता. अनेक दरडींचा माथा, म्हणजे जखमेची सगळ्यात वरची कड, याच रेषेवर सापडतो. ही रेषा नकाशात स्वतंत्र आखा.

क्षेत्र आणि माहिती

एका वेळी एका ओढ्याचे पाणलोट घ्या, २५ ते ५० चौरस किलोमीटर, त्याहून जास्त नाही. अख्खा तालुका हाती घेतला की नजर सैल होते आणि शेवटच्या गावांना न्याय मिळत नाही. अंतिम नकाशा १:१०,००० चा धरा, पडद्यावर आखताना १:३,००० वर काम करा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूस्खलन प्रवणतेचे, म्हणजे दरड सुटण्याची शक्यता कुठे किती हे दाखवणारे, नकाशे १:५०,००० प्रमाणावर आहेत आणि भूकोश संकेतस्थळावर पाहता येतात. सुरुवातीला ते जरूर बघा. पण त्यात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. छोटी वाडी दोन-तीन मिलिमीटरमध्ये संपते. कोणते खोरे आधी घ्यायचे एवढे हा नकाशा सांगतो. कोणते घर धोक्यात आहे ते सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नाही.

उंचीसाठी युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचे ३० मीटरचे डीईएम (चौकटीचौकटीने उंची देणारी संगणकी माहिती) घ्या, जोडीला इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचे कार्टोसॅट उपग्रहाचे. १२.५ मीटरचे म्हणून मिळणारे, अलॉस पालसार या जपानी उपग्रह-रडारच्या नावाचे डीईएम अनेकजण हौसेने उतरवतात. ते जुन्या ढोबळ उंचीमाहितीचेच बारीक चौकटीत पुन्हा मांडलेले रूप आहे. चौकट लहान झाली, तपशील वाढला नाही. कोपर्निकसची माहिती २०११ ते २०१५ या काळातली आहे, म्हणजे २०१४ च्या माळीणच्या आसपास तिच्यात दरडीच्या आधीची आणि नंतरची उंची मिसळलेली असू शकते. आणि हे सगळे पृष्ठभागाचे मॉडेल आहे. भीमाशंकरसारख्या दाट रानात ते झाडांचा शेंडा मोजते, त्यामुळे जंगलाच्या कडेला झाडाएवढ्या उंचीची पायरी उमटते आणि ती हुबेहूब दरडीच्या माथ्यासारखी दिसते. उपग्रहचित्र वर ठेवून पाहिल्याशिवाय अशी एकही पायरी आखू नका.

३० मीटरच्या चौकटीत १५० मीटरपेक्षा अरुंद रूप ओळखू येत नाही असे धरून चाला. सह्याद्रीतल्या पुष्कळ दरडी त्याहून अरुंद आहेत. त्या गूगल अर्थ प्रोच्या जुन्या चित्रांत आणि शिवारातच सापडतात. ड्रोनने उंची मोजण्याची सोय असेल तर उत्तमच, पण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत वाळल्यावर आणि परवानगी घेऊन.

डीईएमवरून काम

क्यूजीआयएस या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमध्ये डीईएम आणले की पहिले काम म्हणजे ते मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या प्रक्षेपणात बदलणे. अंश-रेखांशातच उतार काढला तर आडवे अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये राहते, आणि अख्खे खोरे ८९ अंशांचे दिसते. बदलताना ‘बायलिनिअर’ किंवा ‘क्युबिक’ पद्धत निवडा. आपोआप निवडलेली ‘निअरेस्ट नेबर’ तशीच राहू दिली तर हिलशेडवर, म्हणजे उजेड-सावलीने डोंगर उठावदार दाखवणाऱ्या चित्रावर, आडव्या-उभ्या रेघांची जाळी उमटते आणि बारीक लोब (ढिगाऱ्याचे जिभेसारखे पुढे आलेले उंचवटे) त्यात हरवतात.

हिलशेड एक पुरत नाही. ३१५ अंशांवरून उजेड टाकला की वायव्येकडे तोंड असलेले उतार पांढरेफटक होतात आणि उजेडाच्या दिशेने जाणारे कडे नाहीसे होतात. ३१५, ०, ४५ आणि ९० अशा चार दिशांनी काढा. उजेडाचा कोन एकदा ४५ आणि एकदा ३० अंश ठेवा. मंद उतारावरचे उंचवटे ३० वर उठून येतात. दक्षिणेकडून उजेड टाकणे टाळा. डोळा फसतो, दरी सोंडेसारखी दिसू लागते.

नंतर उताराचा नकाशा काढून हिलशेडवर ५० टक्के पारदर्शक ठेवा आणि १० मीटरच्या समोच्च रेषा वर घ्या. या रेषा ३० मीटरच्या माहितीतून ओढलेल्या असतात, तेव्हा आकार ओळखायला त्या चालतात, मोजायला नाही. क्यूजीआयएस ३.२६ पासून उंचीचा छेद दाखवणारे साधन आतच मिळते. प्रत्येक संशयित जागेचे दोन छेद घ्या: एक माथ्यापासून पायथ्यापर्यंत, दुसरा ढिगाऱ्यावरून आडवा.

काय पाहायचे

समोच्च रेषा सगळ्यात जास्त बोलतात. जखमेच्या जागी त्या डोंगराच्या आत वळतात आणि दाट होतात. ढिगाऱ्याच्या जागी बाहेर फुगतात आणि विरळ होतात. वर आत, खाली बाहेर, ही जोडी एकाच उताररेषेवर दिसली की तिथे खूण करा. नुसती वरची वळणे साध्या घळीतही असतात.

ओढ्यांकडे बघा. ढिगारा आडवा आला की ओढा त्याला वळसा घालतो, कधी समोरच्या काठाला जाऊन तो काठ पोखरतो. ढिगाऱ्याच्या दोन्ही कडांनी दोन ओहोळ समांतर खाली येतात आणि पायथ्याशी एकत्र होतात, ही खूण बरीच भरवशाची आहे. ढिगाऱ्याच्या पाठीवर, डोंगराच्या बाजूला, पावसाळ्यात पाणी साठणारा खोलगट भाग असतो. तिथले खाचर वाडीत सगळ्यात ओले असते. ढिगाऱ्याच्या टोकाशी झरा फुटतो.

उपग्रहचित्रे दोन मोसमांची घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताज्या जखमा हिरव्या गवतात तांबड्या दिसतात. मार्च ते मे दरम्यान पानगळ झालेली असते, जमिनीचे रूप उघडे पडते. जून ते सप्टेंबरची सेंटिनल-२ या उपग्रहाची चित्रे बहुतेक ढगांचीच असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

हात बसवायला ज्या दरडींची जागा आणि दिवस माहीत आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. आंबेगाव तालुक्यातले माळीण, ३० जुलै २०१४. महाड तालुक्यातले तळीये, २२ जुलै २०२१. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. गूगल अर्थ प्रोमध्ये आधीचे आणि नंतरचे चित्र आलटून पालटून बघा, जखम, वाहण्याचा मार्ग आणि ढिगारा वेगळे आखा. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली; ही आखणी सरावाची असली तरी त्या आदराने करा.

टप्पे फसवतात ते असे

दख्खनच्या डोंगरात सगळ्यात मोठी चूक इथे होते. लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असल्याने अख्खा सह्याद्रीच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. प्रत्येक पायरीला दरड म्हटले तर नकाशा निरुपयोगी होतो, आणि सगळ्या पायऱ्या थराच्या म्हणून सोडल्या तर तो धोकादायक होतो.

कसोटी सोपी आहे. संशयित टप्प्याची उंची घ्या आणि त्याच उंचीवर शेजारच्या सोंडांवर दोन्ही बाजूंना एक-दोन किलोमीटर चाला, अर्थात पडद्यावर. तिथेही त्याच उंचीवर टप्पा असेल तर तो थराचा. शेजारी काहीच नसेल, किंवा टप्पा डोंगराकडे मागे कललेला असेल, किंवा त्याची बाहेरची कड लोबसारखी वळलेली असेल, तर तो सरकून आलेला असण्याची शक्यता मोठी. एकाच टप्प्यात दोन्ही गोष्टीही असतात: थराच्या पायरीवर वरून आलेला ढिगारा बसलेला. सह्याद्रीत हे फार आढळते, आणि अशा जागी टप्पा थराचा ठरवून पुढे जाणे महागात पडते. आडवा छेद घ्या. थराची पायरी सपाट असते, तिच्यावरचा ढिगारा मधे फुगीर.

अर्धवर्तुळाकार कड्यांचेही तसेच. सह्याद्रीत असे मोठे कडे पुष्कळ आहेत आणि बहुतेक ओढ्यांनी मागे मागे झिजवून केलेले आहेत. खाली ढिगारा सापडत नसेल तर तो कडा दरडीची जखम म्हणून आखू नका. ढिगारा सापडला तर दोघांचे घनफळ ढोबळमानाने काढा. सुटलेला माल मोकळा होऊन फुगतो, म्हणून ढिगारा जखमेपेक्षा पाव-एक भाग मोठा निघाला तर जुळते. ढिगारा जखमेच्या दहा पट असेल तर तो एका दरडीचा नाही.

भातखाचरांचे बांध, खाणी, रस्त्याची कापणी आणि पडकई करून, म्हणजे उतार कापून सपाट करून, नव्याने काढलेली खाचरे ही माणसाने केलेली रूपे. ती दरड म्हणून आखायची नाहीत, पण वगळायचीही नाहीत. वेगळ्या थरात त्यांची नोंद ठेवा, कारण उतार कुठे कापला गेला आहे आणि पाणी कुठे मुरवले जाते आहे हे पुढे धोका ठरवताना लागते.

आखणी आणि नोंदी

प्रत्येक दरडीचे तीन भाग तीन वेगळ्या बहुभुजांत आखा: सुटण्याची जागा, वाहण्याचा मार्ग, ढिगारा. माथ्याची रेषा स्वतंत्र. एकाच आकारात सगळे आखले तर पुढे घोटाळा होतो. प्रवणता काढताना संगणक दरडीच्या आकारातले उतार शिकतो. त्यात ढिगाऱ्याचे ८-१० अंशांचे उतार मिसळले की तो मंद उतारांनाच सुटण्याजोगे ठरवतो आणि वरचा खरा ३५ अंशांचा उतार तुलनेने सुरक्षित दिसतो.

नोंदीत हे रकाने हवेतच: क्रमांक, प्रकार, माल, माथ्याची आणि टोकाची उंची, आडवे अंतर, वय, खात्री, चित्राची तारीख, शिवारात पाहिले की नाही, खालची वाडी. वयासाठी चार गट पुरतात: ताजी (जखम उघडी), अलीकडची (गवत आलेली पण कडा तीक्ष्ण), जुनी (कडा गोल आणि ओढ्यांनी चिरलेली), अतिजुनी (फक्त आकार उरलेला). खात्रीला १ ते ३ अंक द्या. खात्री १ च्या जागा पुसून टाकायचा मोह होतो. पुसू नका; त्याच जागा शिवारात आधी पाहायच्या असतात.

शिवारात

जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढे असते आणि त्याखालच्या भेगा दिसत नाहीत. मोबाइलवर क्यूफील्ड या अ‍ॅपमध्ये नकाशा भरून घ्या, जोडीला १:१०,००० चा छापील कागद, उतार मोजायला क्लिनोमीटर, ३० मीटरची टेप, हातोडा. उघड्यावर मोबाइलची जागा ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर येते. उंच कड्याखाली ती १०-१५ मीटर किंवा जास्तही सरकते, तिथे कागदावर खुणेच्या झाडावरून, घरावरून जागा ठरवा.

ढिगारा आहे की जागचाच कुजलेला खडक, हा प्रश्न शिवारातच सुटतो. कुजलेल्या बेसाल्टमध्येही गोल धोंडे आणि भोवती माती असते. त्या धोंड्यांना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि लांबून तो भाग थेट दरडीचा माल वाटतो. जवळ जाऊन बघा. जागच्या खडकात पांढऱ्या झिओलाइटच्या शिरा आणि भेगांची चौकट एका धोंड्यातून दुसऱ्यात सलग जाते, आणि सगळे धोंडे एकाच जातीचे असतात. ढिगाऱ्यात घट्ट काळा पाषाण, मांजऱ्या आणि तांबड्या थराचे तुकडे एकत्र कालवलेले असतात, पोकळ्यांच्या ओळी प्रत्येक धोंड्यात वेगळ्या दिशेला, कडा धारदार, आकारांना काही क्रम नाही.

हा छेद पाहायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे विहीर. बांधून न काढलेल्या विहिरीच्या भिंतीत ढिगाऱ्याची जाडी थेट मोजता येते, आणि तळाशी कधी गाडली गेलेली जुनी काळी माती दिसते. ती दिसली तर संशय संपला. विहीर कोणी, कधी खोदली, किती फुटांवर कातळ लागला, हे मालकाला विचारा. शेतकऱ्याला ते अचूक आठवते. विहिरीत स्वतः उतरू नका, वरून टेप आणि कॅमेरा सोडा. त्याखालोखाल ओढ्याचे काठ आणि रस्त्याच्या कडा.

वाडीतल्या जुन्या माणसांशी बोलताना ‘इथे दरड पडली होती का’ असे एकदम विचारू नका. आजी-बाबांना विचारा, झरा कधी गढूळ झाला, कधी आटून दुसरीकडे फुटला, कोणते खाचर दरवर्षी फुटते, कोणाच्या घराची भिंत पुन्हापुन्हा तडकते. या उत्तरांतून सरकत्या जमिनीची कड जुळत जाते. डोंगरावर नवी भेग दिसली तर दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका, अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहा आणि त्याच दिवशी तलाठी व तहसील कार्यालयाला कळवा. नकाशा पूर्ण होण्याची वाट पाहू नका.

धोक्याचा पट्टा

दरड कुठवर पोचते हे मोजण्याची जुनी आणि उपयोगी रीत म्हणजे पोच कोन: माथ्यापासून ढिगाऱ्याच्या टोकापर्यंतची उंची भागिले आडवे अंतर. समजा, माथा आणि टोक यांत २२० मीटर उंची आणि ५२० मीटर अंतर आहे. भागाकार ०.४२; हा ज्याचा टॅन तो कोन सुमारे २३ अंश. आपल्या नोंदीतल्या सगळ्या दरडींचे कोन काढा. ओढ्याच्या घळीत शिरलेल्या आणि मोकळ्या उतारावर पसरलेल्या दरडी वेगळ्या करा, कारण घळीत शिरलेला चिखल जास्त लांब जातो. प्रत्येक गटातला सगळ्यात लहान कोन हाच मर्यादा म्हणून घ्या. सरासरी घेतली तर मधल्या आकड्याहून लांब गेलेल्या सगळ्या दरडी पट्ट्याबाहेर पडतात.

आता एखादे घर घ्या. सुटण्याजोग्या जागेपासून ते आडवे ४०० मीटर आणि १५० मीटर खाली आहे. भागाकार ०.३७५, कोन साडेवीस अंश. मर्यादा वरच्यासारखी २३ अंश धरली तर घराचा कोन तिच्याहून लहान, म्हणजे घर पट्ट्याबाहेर? थांबा. उंचीत ५ मीटरची चूक धरली तर कोन अर्धा-पाऊण अंशच हलतो. पण सुटण्याची जागा ६० मीटर पुढे धरली तर १५० भागिले ३४०, कोन जवळजवळ २४ अंश, आणि घर पट्ट्यात. खरी अनिश्चितता उंचीत नसून दरड नेमकी कुठून सुटेल यात असते. म्हणून प्रत्येक संभाव्य जागेची सगळ्यात पुढची कड धरूनच मोजा, आणि दोन-तीन अंशांची राखीव जागा ठेवा.

ज्वालामुखीवरचे आकडे का चालत नाहीत ते इथे कळते. सेंट हेलेन्ससारख्या प्रचंड दरडींचा हा भागाकार ०.१ च्या आसपास येतो. १५० मीटर उंचीसाठी तो वापरला तर पट्टा दीड किलोमीटरचा होतो, अख्खे खोरे लाल होते, आणि ज्या आठ-दहा घरांना खरोखर हलवायला हवे ती त्या लालीत दिसेनाशी होतात.

हा नकाशा जागा सांगतो, वेळ नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि त्या दोन दिवसांत रायगड-साताऱ्यात अनेक ठिकाणी डोंगर सुटले. वेळेसाठी हवामान विभागाचे इशारे आणि वाडीतले पर्जन्यमापक लागते. आणि ज्या उतारावर जुनी दरड दिसली नाही तो ‘सुरक्षित’ असे कुठेही लिहू नका. ‘खूण आढळली नाही’ असे लिहा, खाली चित्राची तारीख आणि ‘शिवारात पाहिले’ किंवा ‘पाहिले नाही’.

ग्रामसभेत न्यायचा नकाशा ए-३ कागदावर, एका वाडीला एक कागद. समोच्च रेषा काढून टाका. मंदिर, शाळा, विहिरी, ओढे आणि वाटा लोकांच्या नावांनी ठेवा. घरांवर तीनच खुणा: ढिगाऱ्यावर, पोचेच्या पट्ट्यात, बाहेर. रात्री कोणत्या वाटेने निघायचे ते जाड रेषेत, आणि ती वाट घळ ओलांडत नाही ना हे आधी चालून पाहा. एक प्रत तहसीलदारांकडे, एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, मूळ फाइल दोन्ही ठिकाणी.

दर नोव्हेंबरला नवी चित्रे पाहून नोंद वाढवा. जुना आकार बदलू नका. त्याच जागी पुन्हा दरड आली तर नवा क्रमांक, नवी तारीख, आणि शेजारच्या रकान्यात जुन्या दरडीचा क्रमांक.